सुरुवातीची माउंटन बाइक ओळखायची कशावरून?

जाडटायर: 1930-40 च्या दशकांतल्या श्विन या अमेरिकन कंपनीच्या सायकली, 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात त्यांच्यावरून बनवलेल्या 'क्लंकर' आणि नंतरच्या माउंटन बाइक, फोटोत सगळ्यांना 26 इंची जाड टायरच दिसतात. मग फरक कशात? आणि कोस्टर ब्रेक का सोडला?

उलटपेडल: टायर बघून काही कळायचं नाही. श्विनने बलून (जाड, फुगीर) टायर 1933 मध्येच आणले होते. मागचं हब (चाकाच्या मधला, आसावर फिरणारा भाग) बघा. कोस्टरमध्ये ब्रेक हबच्या आत असतो, पेडल उलटं दाबलं की लागतो. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत रीपॅक नावाच्या शर्यतीच्या उतारावर (साधारण 3.4 किमीत 400 मीटर खाली) हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. शर्यत संपली की हब खोलून नवीन ग्रीस भरा! तिथली पहिली शर्यत ऑक्टोबर 1976 मधली.

दुसरी अडचण चढावर. कोस्टर हबवर पाच दातेरी चकत्यांचं फ्रीव्हील (गिअरचा मागचा संच) बसत नाही. म्हणून गिअर हवे तर हब बदला, हब बदललं की मागचा ब्रेक गेला. त्या जागी ड्रम ब्रेक आले, आणि ते ओढायला मोटरसायकलचे लांब लिव्हर. गिअर बदलायला अंगठ्याचे शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा हात सुटत नाही. हा संच दिसला तर तो पुढच्या टप्प्यातला क्लंकर.

चिमटा_सरळ: हबचं बरोबर, पण माझ्या मते सीमारेषा फ्रेमवर आहे. क्लंकर कितीही सजवला तरी फ्रेम रस्त्यावरच्या सायकलचीच, आणि वजन 20 किलोच्या वर. मरिनच्याच जो ब्रीझ या फ्रेम बनवणाऱ्याने 1977 मध्ये क्रोमोलीच्या (हलक्या, मजबूत मिश्र पोलादाच्या) नळ्यांची फ्रेम मुद्दाम याच कामासाठी बांधली. भूमिती मात्र जुन्या श्विन एक्सेलसियरवरून घेतली, कारण तिचा हेड अँगल (हँडलखालच्या नळीचा कोन) जास्त कललेला असल्याने उतारावर सायकल स्थिर राहायची.

सुटातारा: 'पहिली' म्हणताना जरा जपून. जॉन फिनली स्कॉटने 1953 मध्येच श्विनच्या फ्रेमवर बलून टायर, सरळ हँडल, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा गिअर) आणि कँटिलिव्हर ब्रेक (रिमला दाबणारे) लावले होते. कॅलिफोर्नियातल्याच कुपर्टिनोची मंडळी 1974 मध्ये मरिनमधल्या सायक्लोक्रॉसला (कच्च्या वाटांवरची सायकल शर्यत) डिरेलरवाल्या जाड टायरच्या सायकली घेऊन आली होती. मरिनचं श्रेय एवढंच की तिथून धंदा उभा राहिला: गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 1979 मध्ये टॉम रिचीने बनवलेल्या फ्रेम विकायला घेतल्या, आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची जपानमध्ये बनलेली स्टम्पजंपर आली.

जाडटायर: जुन्या श्विनला पाच गिअर लावलेले असतील तर फ्रेमवर काय तपासायचं?

उलटपेडल: मागच्या चिमट्याची (मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या दोन फाट्यांची) आतली रुंदी. कोस्टर हबला साधारण 110 मिमी लागतात, पाच गिअरच्या हबला 120. तो ताणून रुंद केलेला असतो. एकाच बाजूला ताणला असेल तर चाक मधोमध बसत नाही. हेडट्यूबपासून (हँडलखालची नळी) दोन्ही ड्रॉपआउटना (आस बसतो त्या खाचा) दोरी लावून सीट ट्यूबपासूनचं (सीटखालची नळी) अंतर दोन्हीकडे मोजा. ड्रॉपआउट एकमेकांना समांतर नसतील तर आस वाकतो किंवा तुटतो, नट कितीही आवळा.