स्क्रीन बदलण्याआधी टीव्ही जोडून बघा

आठ वर्षांच्या लॅपटॉपवर रंगीत रेघा येतात आणि दुकानदार स्क्रीन बदला म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. थांबा, एवढ्यात पैसे देऊ नका. आधी एचडीएमआय केबलने टीव्ही जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर बहुतेक दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतून जाणाऱ्या केबलचा. झाकण हळूच पुढेमागे करा. रेघा हलल्या तर बहुतेक केबलच.

टीव्हीवरही रेघा असतील, त्याही बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर), तर दोष बहुतेक चित्र तयार करणाऱ्या ग्राफिक्स चिपचा; ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर, बदलून काही होणार नाही. फक्त गेम लावल्यावर येत असतील तर तापमान बघा. माझा लॅपटॉप उघडला तेव्हा पंख्यापुढच्या जाळीवर धुळीची अख्खी गादी होती आणि थर्मल पेस्टचा (चिपची उष्णता बाहेर नेणाऱ्या लेपाचा) खडू झालेला.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं दिसतात का? मग वेगळं कार्ड डिसेबल करून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालतं का बघा. माझं अजून चालतंय.

एक कळकळीची विनंती, हीट गनने चिप तापवून घेऊ नका. माझी तशी 'दुरुस्त' झालेली चिप दीड महिन्यात पुन्हा गेली. आणि हे सगळं करण्याआधी फोटोंचा बॅकअप आजच घ्या.