जीएम (जनुकात बदल केलेलं) सोयाबीन आपल्याकडं आलं तर एकरी पैसे खरंच वाढतील का?

वाळव्याचा_शेतकरी
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात अडीच एकर बागायत आहे. खरिपाला सोयाबीन टोकतो, थोड्या रानात उसात आंतरपीकही असतं. यंदा भांगलणीला बायका मिळेनात. मिळाल्या तोवर तण गुडघ्याला आलेलं. दुकानात एक जण सांगत होता की ब्राझील-अमेरिकेत जीएम सोयाबीनवर तणनाशक मारलं की नुसतं तण मरतं, वर उतार म्हणजे एकरी उत्पादनही तिप्पट. मग आपल्याकडं त्याला परवानगी का नाही? कुणी हिशेब मांडलाय का?

खटावकर
दादा, मी तर म्हणतो यावंच. तणनाशक सोसणाऱ्या कापसाला परवानगी नाही, तरी विदर्भात लोक लावतात. 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं तो उघडपणे लावून सत्याग्रह केला. मजुरी वाचत नसती तर कुणी एवढी जोखीम घेतली असती का?

कराडची_ताई
कराड तालुक्यात आमचा सोयाबीनचा बीजोत्पादन प्लॉट असतो. घरचा हिशेब मीच लिहिते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी उताराचं. 1996 साली अमेरिकेत आलेल्या जीएम सोयाबीनचा गुण ग्लायफोसेट हे तणनाशक सोसण्याचा आहे, शेंगा जास्त धरण्याचा नाही. ब्राझीलचा उतार एकरी 14 क्विंटलच्या घरात आणि भारताची सरासरी 4 च्या आसपास, हे खरं. पण टोकण करून, वेळेला पाणी देऊन 12 ते 15 क्विंटल काढणारे कृष्णाकाठी कितीतरी आहेत, तेही कसबे डिग्रज संशोधन केंद्राच्या फुले संगमवर. त्यात बाहेरचा जनुक नाही. देशाची सरासरी खाली ओढतं ते कोरडवाहू रान आणि पावसाचा खंड.

भांगलणीबद्दल खटावकर दादांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. दिवसभर वाकून भांगलणाऱ्या आम्ही बायकाच असतो, त्यातून सुटका हवीच आहे. पण उसातल्या सोयाबीनवर ग्लायफोसेट मारलं तर सोयाबीन राहील आणि ऊस जळेल! निव्वळ सोयाबीन असलं तरी बांधापलीकडं शेजाऱ्याची हळद. वीस गुंठ्यांच्या तुकड्यात औषध वाऱ्यानं उडून जाणार नाही याची हमी कोण देणार? अमेरिकेत वर्षानुवर्षं तेच औषध मारल्यावर रानटी राजगिऱ्याची एक जात त्याला दाद देईना. मग डायकांबा हे दुसरं तणनाशक सोसणारं सोयाबीन आणलं, तर ते औषध उडून शेजाऱ्यांची पिकं करपली.

आता बियाण्याचा पैसा. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे. बोंडअळीला मारणारा जनुक घातलेला बीटी कापूस आपल्याकडं 2002 ला आला. बोंडअळीची फवारणी कमी झाली, लोकांच्या हातात पैसा आला, हे नाकारता येत नाही. रुईचा उतार 2007-08 ला हेक्टरी साडेपाचशे किलोपर्यंत गेला, पण पुढं घसरून साडेचारशेच्या आसपास आला, कारण गुलाबी बोंडअळी बोलगार्ड-2 या बीटी बियाण्याला जुमानेना. तरी बियाणं दरवर्षी विकतच, कारण ते संकरित. सुरुवातीला 450 ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास होतं. 2006 ला आंध्र सरकारनं भांडून ते साडेसातशेवर आणलं आणि 2015 च्या आदेशानंतर केंद्र सरकार दर ठरवू लागलं. दहा-बारा वर्षं गेली त्यात.

सोयाबीन सरळ वाण आहे, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. 2001 च्या वाण संरक्षण कायद्यानं ते ठेवायचा, पेरायचा, देण्याघेण्याचा हक्क आपल्याला दिलाय. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या व्हर्नन बोमन या शेतकऱ्यानं धान्य म्हणून विकत घेतलेलं सोयाबीन पेरलं, तर 2013 ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं बियाण्याचं पेटंट असलेल्या मोन्सँटो कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. एकरी 25-30 किलो बी दरवर्षी दुकानातून आणायची वेळ आली, तर भांगलणीचे वाचलेले पैसे तिकडंच जातील. परवानगीच्या आधी बियाण्यावरच्या हक्काचं ठरलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

आणि दर? ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात होतं. कोंबडीखाद्य महागलं म्हणून 12 लाख टन जीएम सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली आणि आपली काढणी येईतो दर पाच हजारांवर आले. 2024 ला हमीभाव 4892 असून बाजारात त्याच्या खालीच विकावं लागलं. उलट आपली पेंड बिगर-जीएम म्हणून युरोपात गिऱ्हाईक मिळवते. ते हातचं घालवण्याआधी शंभरदा विचार करावा.

खटावकर
ताई, बियाण्याच्या हक्काचं पटलं. पण चाचण्याच होऊ द्यायच्या नाहीत, हे मला मान्य नाही.

कराडची_ताई
चाचण्यांना माझाही विरोध नाही. कृषी विद्यापीठानं कराव्यात, आकडे मराठीत छापावेत, आपण वाचू. चोरट्या बियाण्याला मात्र पावती नसते. उगवलं नाही तर तक्रार कुणाकडं करणार?

वाळव्याचा_शेतकरी
आंतरपिकाचं डोक्यातच आलं नव्हतं. मग येत्या हंगामात तणाचं काय करू?

कराडची_ताई
पेरल्यावर दोन दिवसांच्या आत, ओल असताना पेंडीमिथॅलिन हे तणनाशक मारा. निव्वळ सोयाबीनमध्ये तण दोन-चार पानांवर असताना इमॅझेथापायर हे तणनाशक चालतं. उसातल्या आंतरपिकात ते नको. टोकणीच्या ओळी सायकल कोळपं (हातानं ढकलायचं चाकाचं कोळपं) जाईल एवढ्या रुंद ठेवा, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी घरच्या घरी कोळपणी होते आणि भांगलणीला बायका थोड्याच लागतात. औषधाचं प्रमाण लेबलवरचंच घ्या, दुकानदाराच्या अंदाजानं नको.