शब्दचर्चा : मालिकेत ‘पाणी घालणे’

प्रश्न

मालिका लांबवली की ‘आता पाणी घालायला लागले’ असं आपण सगळेच म्हणतो. हा प्रयोग आला कुठून? पाल्हाळ, चऱ्हाट, गुऱ्हाळ, दळण असे शब्द हाताशी असताना याचीच एवढी चलती का? की सगळ्यांचा अर्थ एकच धरायचा?

प्रतिसाद

आला तो दुधाआमटीतून. दुधात पाणी घालतात ती लबाडी, आणि ऐनवेळी पाहुणे आले म्हणून आमटीत घालतात ती अडचण. मालिकेला दोन्ही छटा लागू पडतात, म्हणून हा प्रयोग पक्का बसला. दोन्हींत माल तेवढाच राहतो, भांडं मात्र भरलेलं दिसतं. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळातला, तेव्हा मालिकेचा अर्थ त्यात सापडण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या कोशकारांनी मात्र तो नोंदवायलाच हवा.

बाकीचे शब्द समानार्थी नाहीत, आणि ते एकाच पोत्यात भरू नयेत असं मला मनापासून वाटतं. आज टीव्हीवर काय बिघडलंय हे नेमकं सांगायचं तर हे सगळे वेगवेगळे लागतात.

पाल्हाळ हा सांगणाऱ्याचा स्वभाव. गोष्ट पुढे सरकते, पण फाटे फोडत. तो रसाळही असू शकतो. चांगल्या कीर्तनकाराचा पाल्हाळ लोक तासभर ऐकतात.

दळण म्हणजे तेच ते. अपघात, स्मृती जाणं, लग्नाच्या मांडवात नवरी बदलणं, औषधाच्या बाटलीत भलतंच काहीतरी. मालिका बदलते, दळण तेच.

चऱ्हाट वळतात. एक पेड संपायच्या आत दुसरा त्यात अडकवला की दोर कितीही लांब होतो. सेटवर ज्याला ‘ट्रॅक’ म्हणतात तो हा पेड. नायिकेचा ट्रॅक संपत आला की नणंदेचा सुरू, तो संपत आला की परदेशातून कुणीतरी परत येतं. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. चऱ्हाट वळल्याशिवाय एवढी लांबी येत नाही. त्यातले पेड काही काळ भक्कम होते, हेही खरं.

गुऱ्हाळ चर्चेचं. घाणा गोल फिरत राहतो. हा शब्द वृत्तवाहिन्यांसाठी राखून ठेवावा. सहा-सात चौकटींत सहा-सात माणसं एकदम बोलतात, निवेदक सगळ्यांच्या वर ओरडतो. खऱ्या गुऱ्हाळातून निदान गूळ तरी निघतो.

आता ‘पाणी घालणे’. परवाचाच प्रसंग घ्या. मालिकेचं नाव महत्त्वाचं नाही, कारण तो कुठेही दिसेल. सून चहाचा ट्रे घेऊन दाराशी येते. आत सासू आणि मावससासू बोलताहेत, ते तिच्या कानावर पडतं. ट्रे निसटतो. तो तीनदा पडताना दिसतो, प्रत्येक वेळी ढोलासारखा दणका. मग कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो : सासू, मावससासू, सून, जिन्यावरचा दीर, परत सून. जाहिराती. परत आल्यावर ट्रे पुन्हा पडतो, कारण मधे चॅनल बदलून आलेल्यांना कळायला हवं. दुसऱ्या दिवशी ‘मागील भागात’ म्हणून तोच ट्रे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं गोष्ट असते. त्यातली सात-आठ मिनिटं एका ट्रेला. इथे पाल्हाळ नाही, दळण नाही, चऱ्हाटही नाही. घटना एक, आणि तिच्यात पाणी.

हे लेखकांच्या आळसामुळे होतं असं मला वाटत नाही. दूरदर्शनच्या काळात मालिका तेरा भागांच्या हिशेबाने मंजूर व्हायची. आठवड्याला एक भाग, तेरा आठवडे, म्हणजे एक तिमाही. मुदतवाढ मिळायची, तीही तेराच्या पटीत. लिहिणाऱ्याला शेवट कधी येणार ते ठाऊक असायचं. १९९७ला सह्याद्रीवर ‘दामिनी’ आली, १९९९ला अल्फा मराठी (आताची झी मराठी) सुरू झाली, आणि दैनंदिन मालिका रुळली. आता दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि पुढची गोष्ट त्यावर ठरते. आकडे चांगले तर शेवट लांबतो, वाईट तर मालिका गुंडाळतात. चालो वा न चालो, ठरलेला शेवट कुणालाच मिळत नाही.

प्रतिसाद

वरचं बरंचसं पटलं, पण एक बाजू राहिली. माझी आई सात वाजता पोळ्या लाटायला बसते. तिचं अर्धं लक्ष तव्यावर, अर्धं टीव्हीवर. ट्रे तीनदा पडला म्हणून तर तिला कळलं की पडला. दैनंदिन मालिका हात मोकळे नसलेल्या बायकांसाठीच बनते. अमेरिकेत १९३०च्या दशकात रेडिओवर ‘सोप ऑपेरा’ निघाले तेही घरकाम करता करता ऐकण्यासाठी. साबणवाल्या कंपन्यांचे पैसे, म्हणून ते नाव. हळू चालणं हा दोष नाही.

पहिल्या प्रतिसादकाचं उत्तर

हळू चालणं दोष नाही, अगदी मान्य. म्हणून तर शब्द वेगळे ठेवायचे. ‘आणि काय हवं’ या वेबमालिकेच्या भागात नवरा-बायको दोघंच बोलत असतात, फार काही घडतही नाही. पण प्रत्येक वाक्यानंतर ती दोघं आपल्याला थोडी जास्त कळतात. ते रेंगाळणं. ट्रे पडताना पाचवा चेहरा दिसतो तेव्हा त्या माणसाबद्दल नवीन काहीच कळत नाही. ते पाणी. तुमच्या आईला ट्रे पडल्याचं एकदा आणखी सांगा, हवं तर तोंडी सांगा. सुनेने ते ऐकून पुढे काय केलं हे मात्र त्याच भागात दाखवा. पोळ्या लाटणाऱ्या बाईला कमी कळतं असं धरून लिहिणं हा तिचा अपमान आहे, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच येतो.

प्रश्नकर्ता

मग पाहायचं काय? पाणी न घातलेलं मराठीत काही आहे का?

उत्तर

आहे की. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ (२००१ ते २००५) साप्ताहिक होती. एका भागात एक गोष्ट पुरी, त्यामुळे पाणी घालायला जागाच नाही. आबा झालेले दिलीप प्रभावळकर सत्तरच्या दशकात दूरदर्शनवर चिमणराव होते. दोन्ही कामं पाहिली की छोट्या भागात माणूस कसा उभा राहतो ते दिसतं. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ मध्ये लोकप्रिय असतानाच सात-आठ महिन्यांत संपवली. दैनंदिन असूनही.

सर्वांत शिकण्यासारखी म्हणजे ‘रात्रीस खेळ चाले’. पहिलं पर्व २०१६ला आलं ते घरातले कर्ते अण्णा नाईक यांच्या मरणापासून सुरू होतं. दुसरं, २०१९चं, त्याच्या आधीची हकीकत सांगतं. म्हणजे अण्णांचा शेवट प्रेक्षकाला आधीच ठाऊक. तरी लोक रोज बसले, कारण हा माणूस तिथवर पोचला कसा, ते पाहायचं होतं. वर मालवणी कानावर पडते ती वेगळीच. दुसऱ्या पर्वात नंतर नंतर पाणी आलंच, पण ते ओळखू येतं, कारण आधीचं घट्ट होतं.

दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूब वाहिनीवरही जुने कार्यक्रम आहेत, तिथे शोधा.

प्रतिसाद

यादीत ‘नमनाला घडाभर तेल’ राहिलं. नवी मालिका येण्याआधी महिनाभर प्रोमो, मग एक तासाचा शुभारंभ, मग देवळातली आरती, आणि नायक-नायिकेची टक्कर दुसऱ्या आठवड्यात. ते पाणी नव्हे, ते तेल. कोकणातल्या नमन-खेळ्यांत मुख्य वग उभा राहायच्या आत दिव्यांचं तेल जळायचं, तसं.