परदेशी पाहुण्यांच्या हाती बालशिबिर द्यावं का?

नवापूरचा भाऊ
आमची ख्रिस्ती मंडळी (म्हणजे आमचं चर्च) दर मे महिन्यात तालुक्यातल्या एका पाड्यावर पाच दिवस बायबलचं बालशिबिर घेते. आम्ही त्याला व्हीबीएसच म्हणतो, म्हणजे व्हेकेशन बायबल स्कूल. सकाळी 7 ते 10, नंतर पत्र्याखाली बसवत नाही. गाणी, एक गोष्ट, पाठांतराचं वचन, कागदकाम, मग खिचडी. यंदा बाहेरच्या देशातली आठ माणसं येतो म्हणतात. खर्च त्यांचा, कार्यक्रमही त्यांचाच. पास्टर खूश आहेत, मला पटत नाही.

काही वर्षांपूर्वी असंच एक जोडपं आलं होतं. पहिल्या दिवशी रंगपेट्या वाटल्या. दुसऱ्या दिवशी पोरं दुप्पट, शेजारच्या दोन पाड्यांवरचीसुद्धा. तिसऱ्या दिवशी हात रिकामे, तर निम्मी पोरं गायब. त्या बाईंनी बायबलमधली, पोरसवदा दावीदाने धिप्पाड गल्याथला पाडल्याची गोष्ट इंग्रजीत सांगितली, दुभाष्या ती मराठीत करणार आणि आमची पोरं घरी बोलतात मावची, इथली आदिवासी बोली. दावीदाच्या हातातल्या हत्याराला दुभाष्या म्हणाला ‘पट्टा’. पोरं गप्प. मागे बसलेला एक म्हातारा ओरडला, "अरे गोफण, गोफण!" मग काय! ज्वारीवरची पाखरं हाकलणारी पोरं ती, दोघं-तिघं उठून हात फिरवायलाच लागली. गोष्ट कळली ती त्या म्हाताऱ्यामुळे.

केळीवाला, रावेर
भो, पाहुणे राहू द्या बाजूला, मुळात शिबिर कशाला? आठ वर्षांच्या पोराला काय कळतो धर्म? खिचडी आणि रंगपेटी दाखवून बसवता, याला आमिष नाही तर काय म्हणायचं? घटनेच्या 25व्या कलमात धर्मप्रचाराचा हक्क आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 1977 सालीच सांगितलंय.

मास्तरीण, शहादा
मी ख्रिस्ती नाही, आधीच सांगते. केळीवाले दादा, उन्हाळ्यात आपल्याकडे वारकरी बालसंस्कार शिबिरं होतात, पोरं हरिपाठ पाठ करून येतात, जेवणही तिथेच. माझा भाचा जातो. तिथे कोणी विचारत नाही की याला काय कळतं. आपल्या घरच्या धर्माचं पोराला शिकवणं चालतं, तर त्यांनाही चालायला हवं.

माझा प्रश्न वेगळा आहे. शेजारच्या पाड्यांवरून आली ती पोरं कोणाची? त्यातल्या किती जणांचे आईबाप तेव्हा गुजरातेत ऊसतोडीला होते? घरी आजी असते. तिला ‘शिबिर आहे, पाठवा’ एवढंच सांगितलं की बायबलचं आहे हेही सांगितलं?

नवापूरचा भाऊ
ताई, खरं सांगतो, त्या वर्षी नाही सांगितलं. रंगपेटीच्या गर्दीत कोण कुठला हेच कळेना.

चिंचपाड्याचे आजोबा
परदेशी म्हटलं की एवढं अंगावर येण्यासारखं काय आहे? आमच्या चिंचपाड्याचा मिशन दवाखाना उभा राहिला तो बाहेरून आलेल्या माणसांमुळेच. माझी दोन पोरं तिथे जन्मली. तेव्हा कोणी ‘तुम्ही परके’ म्हणालं नाही. आता पाहुणा स्वतःच्या पैशाने येतो तर त्याला दारातून परत पाठवायचं?

नवापूरचा भाऊ
आजोबा, ती माणसं इथे वर्षानुवर्षं राहिली, आपली भाषा शिकली. हे सोमवारी येणार आणि शनिवारी जाणार. आणि या व्हीबीएसची सुरुवातच बघा ना. 1898 साली न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी बिअरचा हॉल भाड्याने घेऊन ती चालवली, सुट्टीत रस्त्यावर भटकणाऱ्या पोरांसाठी. पोरं त्याच शहरातली. विमानाने कुठे गेल्या नव्हत्या.

कोर्टाची पायरी, धुळे
भाषेचं बघाल सावकाश, आधी व्हिसा बघा. पर्यटक व्हिसावर धर्मप्रचार चालत नाही. ते पैसे मंडळीच्या हातात देणार असतील तर परदेशी देणग्यांबद्दलच्या 2010च्या एफसीआरए कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी लागते. ज्याच्या घरी उतरतील त्याने 24 तासांत पाहुण्यांची माहिती सरकारला कळवायची. गडबड झाली तर पाहुणे विमानात बसतील, ठाण्यात बाकावर तुम्ही बसाल.

केळीवाला, रावेर
हेच म्हणत होतो. बंद करा.

मास्तरीण, शहादा
बंद कशाला? पोराच्या घरच्यांची परवानगी घ्या, गोष्ट मावचीत सांगा, वाटप थांबवा. खिचडीला माझी हरकत नाही, तीन तास बसलेल्या पोराला उपाशी कसं पाठवणार?

केळीवाला, रावेर
अंगठा घेतला म्हणजे आजीला कळलं असं होत नाही, ताई.

नवापूरचा भाऊ
काल पास्टरांशी दोन तास वाद झाला. पाहुण्यांना ‘या वर्षी नको’ असं कळवायचं ठरलं. पास्टर नाराज आहेत, आठ तिकिटांची बोलणी झाली होती म्हणे. गोष्ट आमच्यातलीच एक ताई मावचीत सांगणार. बाहेरच्या पाड्यावरचं पोर आलं तर आधी त्याच्या घरी जाऊन बोलायचं, आईबाप गावी नसतील तर फोनवर. त्या कामाला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून माझ्याच गळ्यात पडलंय. पेट्रोल मंडळी देणार की नाही, ते अजून ठरलेलं नाही.