मोर्चाची केस मिटली, तर ‘माफी मिळाली’ म्हणायचं का?

प्रश्न: पुतण्यावर मोर्चातला किरकोळ गुन्हा होता, मनाई आदेश मोडल्याचा. सरकारने तो मागे घेतला, कोर्टाने परवानगी दिली. आता आमच्या लालबागच्या चाळीत आई सगळ्यांना सांगतेय, “पोराला माफी मिळाली.” पुतण्या भडकलाय: “मी मागितली कधी?” मग म्हणायचं काय?

– पुतण्या बरोबर आहे. राष्ट्रपती (अनुच्छेद 72) किंवा राज्यपाल (अनुच्छेद 161) माफी देतात ती दोष सिद्ध झालेल्या माणसाला. मुंबईतलं गाजलेलं उदाहरण नौदल अधिकारी नानावटींचं. खुनाबद्दल जन्मठेप झाली आणि 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. तुमच्याकडे निकालच लागलेला नाही. मुंबईतल्या आरे भागात मेट्रो कारशेडसाठी झालेल्या झाडतोडीच्या वेळी, ऑक्टोबर 2019 मध्ये, 29 जणांना अटक झाली होती. डिसेंबरमध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी गुन्हे मागे घेण्याचं जाहीर केलं. याला माफी नव्हे, माघार म्हणायचं. तीही सरकारची, आंदोलकांची नाही.

– इतकं कडक नको. फी माफ, टोलमाफी, कर्जमाफी यांत कोणी काय गुन्हा केलेला असतो? अरबीतून आलेला हा शब्द मराठीत ‘डोक्यावरचा भार उतरला’ एवढ्याच अर्थानेही रुळलाय. आजींना तेच म्हणायचं असणार. गोची एवढीच, की ‘माफी’च्या शेजारी ‘केस’ आली की ऐकणारा अपराध गृहीत धरतो.

– आणि माफीचा साक्षीदार? त्याला तर निकालाआधीच माफी मिळते.

– मिळते, पण फुकट नाही. माहीत आहे ते सगळं खरंखरं सांगायचं, या अटीवर. साथीदारांविरुद्ध बोलावं लागतं, म्हणून चळवळीतल्या माणसाला तर तो शब्द शिवीसारखा लागेल!

– मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘गुन्हा मागे घेतला’ हेही सैलच बोलणं. मंत्र्यांनी घोषणा केली म्हणून केस संपत नाही. सरकारी वकील अर्ज करतो, कोर्ट संमती देतं, तेव्हा खटला काढून घेतला जातो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 321 होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत 360. आरोप निश्चित होण्याआधी संमती मिळाली तर माणूस आरोपमुक्त. नंतर मिळाली, किंवा आरोप निश्चित करायची गरजच नसलेलं किरकोळ प्रकरण असलं, तर थेट निर्दोष मुक्त. मनाई आदेशाची प्रकरणं बहुधा याच दुसऱ्या प्रकारात बसतात.

प्रश्नकर्ता: म्हणजे आईने ‘निर्दोष सुटला’ म्हणावं?

– खुशाल म्हणू द्या. पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या अर्जात मात्र आदेशाची प्रत समोर ठेवून त्यातलाच शब्द उतरवायचा, चाळीतला नाही.