मदत हवी आहे: तोरणमाळला चोपड्यावरून जाऊ की धुळ्यावरून?

केळीचं_पान (मंगळवार, रात्री १०:४०)
राम राम मंडळी. शनिवारी पहाटे तोरणमाळला निघायचंय. मोबाइलवरचा नकाशा धुळ्यावरूनच जा म्हणतो. मला त्या हायवेने जायचं नाही, ट्रकमागे ट्रक आणि बघायला काही नाही. चोपडा-शिरपूरकडून सातपुड्याच्या पायथ्याने रस्ता आहे हे माहीत आहे. तो घ्यावा का, आणि मध्ये थांबण्यासारखी दोन-तीन चांगली ठिकाणं कोणती, एवढंच सांगा. गाडी भावाकडून आणायची आहे, त्यामुळे शुक्रवारच्या आत ठरवायचंय. लवकर सांगा.

पांझराकाठ (१०:५२)
भाऊ, निघणार कुठून ते लिहिलंच नाही. धुळ्यावरून जाणार असाल तर सोनगीर, चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा असा रस्ता धरा. सोनगीरला तांब्या-पितळेच्या भांड्यांची दुकानं आहेत, वर किल्ला आहे. लळिंगचा किल्लाही बघून घ्या, धुळ्यापासून जवळच आहे.

नाशिककर_७ (११:०५)
सटाणा, ताहराबाद, पिंपळनेर, साक्री, नंदुरबार असे या. ताहराबादजवळ मांगीतुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती आहे. आम्ही दर वर्षी याच रस्त्याने जातो.

केळीचं_पान (११:११)
भुसावळहून निघतोय. म्हणून तर चोपड्याचं विचारलं. मांगीतुंगी आमच्या रस्त्यात येत नाही, आणि लळिंग तर धुळ्याच्याही पुढे मुंबईच्या बाजूला आहे.

सातपुड्याचा_वारा (११:३०)
भुसावळहून निघणाऱ्याने धुळ्याला जायचं काय कारण? अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता आहे ना. भुसावळ सोडलं की तापी ओलांडायची, यावलला या रस्त्याला लागायचं आणि शहाद्यापर्यंत तो सोडायचा नाही. यावल, किनगाव, अडावद, चोपडा, शिरपूर, शहादा. डोंगर कायम उजव्या हाताला. यावलकडे दोन्ही बाजूंनी केळी, चोपड्याच्या पुढे कपाशी, हरभरा, मका. पहाटे निघालात तर चोपड्यापर्यंत सूर्य पाठीमागून येतो आणि सातपुड्याच्या एकेक सोंडेवर ऊन चढत जाताना दिसतं. माझं अर्धं आयुष्य या रस्त्यावर गेलं, तरी डिसेंबरातल्या सकाळी मी अजून गाडी कडेला घेतो.

थांबायला पहिलं ठिकाण मनुदेवी. किनगावकडून उजवीकडे आडगावच्या दिशेने आत जायचं. डोंगराच्या कुशीत देऊळ आहे आणि मागे कड्यावरून धबधबा. दुसरं उनपदेव, अडावदहून आत. गरम पाण्याचा झरा आहे, गोमुखातून पाणी पडतं. शरभंग ऋषींचा आश्रम इथे होता असं मानतात. तिसरं थाळनेर, तापीकाठचा जुना किल्ला.

पांझराकाठ (११:४१)
धबधबा आता डिसेंबरात? श्रावणातलं चित्र दाखवून माणसाला आत नेऊ नका. आणि तो रस्ता गावागावातून जातो. प्रत्येक गावात गतिरोधक, बाजाराचा दिवस असला तर अर्धा तास तिथेच. हायवे चौपदरी आहे, दुपारच्या आत शहाद्यात पोहोचतील.

सातपुड्याचा_वारा (११:४८)
धबधबा बारीक झाला असेल, ते कबूल. पण मनुदेवीला माणूस धबधब्यासाठीच जातो असं नाही. आणि लवकर पोहोचायचं असतं तर त्यांनी धागा काढलाच नसता. पोस्टच्या पहिल्या चार ओळीत लिहिलंय की हायवे नको.

निवृत्त_मास्तर (बुधवार, सकाळी ६:२०)
निसर्ग आणि इतिहास दोन्ही एका जागी हवं असेल तर खान्देशात पाटणादेवीसारखं ठिकाण नाही. चाळीसगावहून गौताळ्याच्या जंगलात जावं. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख आहे. वर पितळखोऱ्याची लेणी. केदारकुंड आहे, महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. जाणकार बरोबर असेल तर पूर्ण दिवस अपुरा पडतो.

केळीचं_पान (७:०२)
सर, माहिती उत्तम आहे, पण पाटणादेवी दक्षिणेला आणि मी वायव्येला निघालोय. ती पुढच्या वेळी. आता फक्त तोरणमाळ.

चाक_आणि_रस्ता (७:३०)
भाऊ, बठ्ठं ठीक से, पण गाडी कोणती ते सांगा पहिले. किती माणसं? चालवणार कोण, घाटाचा हात आहे का? मुक्काम कुठे? शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळ साधारण ५५ किलोमीटर. शेवटचा सातपायरी घाट एकावर एक वळणांचा आहे. उतरताना खालून चढणाऱ्या गाडीला आधी जागा द्यायची आणि दुसऱ्या गिअरमध्येच यायचं, सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापतात. टाकी शहाद्यात भरा, वरच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक, मनापासून सांगतोय. सध्या उसाचा हंगाम आहे. शहाद्याच्या बाजूला अंधार पडल्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. दोन वर्षांपूर्वी मी एका ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबलो, मुलं मागे झोपलेली होती. त्या पट्ट्यात सूर्य मावळल्यावर गाडी चालवू नका.

केळीचं_पान (८:१५)
साधी पाच माणसांची गाडी आहे. मी, बायको, मुलगा आणि आई. मीच चालवणार, घाट चालवले आहेत. रविवारी रात्री घरी परत.

पांझराकाठ (८:२२)
आता बघा, आणखी एक गोष्ट सुटली. शिरपूरच्या रस्त्याने जाणाऱ्याला धड जेवण कुठे मिळणार? धुळ्याकडे शेवभाजी तरी मिळते.

सातपुड्याचा_वारा (८:३५)
हा हंगाम भरिताचा आहे, शेवभाजी बारा महिने मिळते. यावल तालुक्यातल्या बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, बडगीत म्हणजे लाकडी भांड्यात ठेचलेली, वर कांद्याची पात. सोबत कळण्याची पुरी. निघताना घरूनच डबा घ्या.

असोद्याची_माती (८:५०)
भरिताची वांगी असोद्याची. बहिणाबाईंच्या गावची. बामणोदच्या वांग्याला ती चव नाही.

सातपुड्याचा_वारा (८:५८)
जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते जिल्ह्याला मिळालं, एका गावाला नाही. बामणोदच्या बाजारात पहाटे जाऊन बघा, गाड्या कुठकुठून आलेल्या असतात.

असोद्याची_माती (९:०४)
मानांकन जिल्ह्याचं, चव मातीची.

शहाद्याची_लेक (दुपारी १:१०)
वांग्यांचं नंतर बघू. भाऊ, आईंचं वय काय? घाट सोसतो का? आणि तुम्हाला नेमकं तोरणमाळच गाठायचंय की आणखी कुठे जायचंय? विचारते कारण या आठवड्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा आणि घोड्यांचा बाजार आहे. एकमुखी दत्ताच्या दर्शनाची गर्दी, घोडे घेऊन येणाऱ्या गाड्या, सगळं त्या दोंडाईचा-शहादा रस्त्यावर. पांझराकाठ दादा, तुमच्या रस्त्याने शनिवारी गेले तर तापीच्या पुलाआधीच अडकतील.

केळीचं_पान (१:४०)
आई ७४ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. घाटात मळमळतं. तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला जायचंच आहे, ते लिहिलं नाही कारण ते ठरलेलंच आहे. वडील होते तेव्हा दोघांचं जायचं ठरायचं आणि राहून जायचं. आईला तिथे तापीत पाय बुडवायचे आहेत. तोरणमाळ मुलाला बघायचंय.

चाक_आणि_रस्ता (१:४६)
हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर सगळे कालच दुसरं काही बोलले असते.

शहाद्याची_लेक (२:३०)
बरं झालं सांगितलंत. तर मग असं करा.

शनिवारी तोरणमाळ गाठूच नका. भुसावळ ते शहादा पावणेदोनशेच्या आसपास किलोमीटर आहे, गावातून जाणारा रस्ता, म्हाताऱ्या माणसाला तेवढं एका दिवसाला पुरे. सातपुड्याचा_वारा दादांचाच रस्ता धरा, पण मनुदेवी आणि उनपदेव यातलं एकच निवडा. मी म्हणेन उनपदेव. आईंनी गरम पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून बसावं, पुढचा प्रवास सोपा जाईल. दुपारी शिरपूरच्या बाजूला जेवा, चारच्या सुमारास शहाद्यात या आणि उजेड असतानाच प्रकाशाला जा. शहाद्याहून फार लांब नाही. तापी आणि गोमाईचा संगम आहे, आमच्याकडे दक्षिण काशी म्हणतात. काशी केली तरी प्रकाशाला आल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही असं आमची आजी सांगायची. केदारेश्वराच्या देवळाला घाट आहे, पण सरळ पायऱ्या उतरायला लावू नका. उतार कुठून सोपा आहे ते तिथल्या गुरुजींना विचारा, ते सांगतात. पाणी किती सोडलंय तेही विचारा, वर-खाली बंधारे आहेत.

मुक्काम शहाद्यात. रविवारी सकाळी आईंना पुढच्या सीटवर बसवून तोरणमाळ. पोट अगदी रिकामं नको, थोडी भाकरी खाऊन निघा, आवळासुपारी जवळ ठेवा. वर यशवंत तलावाच्या काठापर्यंत गाडी जाते, सीताखाईलाही फार चालायला लागत नाही. गोरखनाथाचं देऊळ आहे. उंची ११०० मीटरच्या वर, थंडी चांगलीच असते, शाल विसरू नका. दुपारी एकच्या आत खाली उतरा.

निवृत्त_मास्तर (३:०५)
थाळनेर वगळू नये ही विनंती. खान्देशच्या फारुकी राजवटीची सुरुवात तिथून झाली. तिचा संस्थापक मलिक राजा १३९९ मध्ये वारला, त्याची कबर तिथेच आहे. त्या कबरींमध्ये एक अष्टकोनी आहे, तिच्यावरची कोरीव नक्षी पाहण्यासारखी आहे. फारुकींनी पुढे बऱ्हाणपूर वसवलं, पण मूळ घर हे. १८१८ मध्ये इंग्रजांनी थाळनेरचा किल्ला घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिलं. तापीने किल्ल्याचा बराच भाग खाल्ला आहे, जे उरलंय ते मुलाला दाखवा. आणि प्रकाशाला जाताय तर त्याला हेही सांगा की तिथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडात १९५४-५५ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. देवळाच्याही किती आधीपासून माणूस त्या संगमावर राहतोय!

केळीचं_पान (३:३०)
सर, हे उपयोगाचं आहे. मुलगा आठवीत आहे, त्याला आवडेल.

पांझराकाठ (३:५२)
आईंचं वय माहीत नव्हतं, ताईंचं बरोबर आहे, जाताना चोपड्यावरून जा. पण रविवारी परतताना मात्र माझं ऐका. तोरणमाळ उतरून पुन्हा शिरपूर-चोपड्याने आलात तर यावलच्या आतच रात्र होईल आणि गावागावात थांबत बसाल. प्रकाशावरून नंदुरबारला या. मिरचीचा हंगाम आहे, शहराबाहेर पथाऱ्यांवर मिरच्या वाळत घातलेल्या असतात, मैदानंच्या मैदानं लाल दिसतात. काचा वर ठेवा, मिरचीचा ठसका लागतो. तिथून दोंडाईचा, चिमठाणे, सोनगीर आणि मग धुळ्याहून हायवे. रात्री म्हाताऱ्या माणसाला चौपदरीच बरा.

सातपुड्याचा_वारा (४:०५)
परतीचं मान्य.

चाक_आणि_रस्ता (४:१०)
स्टेपनीतली हवा तपासा. भावाची गाडी आहे, जॅक आणि पाना आहे का ते निघायच्या आदल्या दिवशी बघा.

केळीचं_पान (पुढचा मंगळवार, रात्री ९:२०)
मंडळी, जाऊन आलो. ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना आधी नमस्कार. पुढच्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

शनिवारी पाचला निघालो. यावलच्या पुढे उजाडलं आणि डोंगराचं जे सांगितलं होतं ते तसंच दिसलं. मुलाने मोबाइल बाजूला ठेवला. उनपदेवला आई तासभर उठायलाच तयार नव्हती. थाळनेरला मी आणि मुलगा उतरलो, आई आणि बायको गाडीत थांबल्या. कबरींची नक्षी बघितली, पण तिथे पोहोचायला गावातून तीनदा विचारावं लागलं. ज्यांना लवकर शहाद्याला जायचंय त्यांनी थाळनेरला दीड तास धरावा.

प्रकाशाला पाचच्या सुमारास पोहोचलो. तिथल्या एका गुरुजींनी सोपा उतार दाखवला, आईला दोन्हीकडून धरून नेलं. पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, हे पाणी आपल्या भुसावळवरूनच आलंय, आपल्याआधी पोहोचलं. वडिलांचं नाव घेतलं. मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तापी भरून घेतली.

रविवारी घाटात आईला काही झालं नाही, पुढची सीट आणि आवळासुपारी दोन्हींचा उपयोग झाला. सीताखाईजवळ धुकं होतं, अर्धा तास थांबल्यावर दरी उघडली. बारा वाजता उतरायला लागलो. येताना नंदुरबारच्या पथाऱ्या बघितल्या, मुलाने हट्टाने काच खाली केली आणि सगळे खोकलो. उसाच्या दोन ट्रॉल्या म्हसावदच्या अलीकडे दिवसाउजेडी भेटल्या. रात्री त्या दिसल्याच नसत्या.

सोनगीरला थांबायचं ठरलं नव्हतं. आईने थांबवलं. दुकानात तिने तांब्याचा गडू घेतला, तिथेच धुवून मागितला, आणि बाटलीतली तापी त्यात ओतून भुसावळपर्यंत मांडीवर धरून बसली.