मदत हवी आहे: विद्यार्थ्यांच्या अपघाती दुखापतींची प्रश्नावली

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या विद्यापीठ-कॉलेजांतल्या मुलांच्या अपघाती दुखापतींची पाहणी करायची आहे. मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत प्रश्नावली हवी.

दुखापतीची व्याख्या अशी धरली आहे: उपचार घ्यावा लागला किंवा निदान एक दिवस वर्ग बुडाला. खरी अडचण कालावधीची, म्हणजे मागच्या किती महिन्यांतल्या दुखापती विचारायच्या याची. १२ महिने विचारले तर हाड मोडलेलं आठवतं, पण भाजलेलं, मुरगळलेलं विसरून जातं. त्यामुळे किरकोळ दुखापतींचा आकडा खाली येतो. ३ महिने विचारले तर गंभीर प्रकार फारच थोडे हाती लागतात. दोन्ही कालावधी वेगवेगळे विचारावेत, असं आमचं मत. कुणी तसं केलंय का?

दुखापत झालेल्यांचं प्रमाण (प) २५ टक्के, उरलेले (फ) ७५ टक्के, चालणारी चूक (च) ५ टक्के धरून ४पफ/च² सूत्राने ३०० नमुने येतात. १० टक्के उत्तरं गळतील म्हणून ३३४.

हेल्मेटचा प्रश्नही अडला आहे. 'हेल्मेट घालता का?' म्हटलं की सगळे 'हो'च म्हणतात. 'मागच्या फेरीत घातलं होतं का, पट्टा लावला होता का, मागे बसलेल्याने घातलं होतं का' असं तोडून विचारायचं ठरवलंय. झोपेचे तास, गाडीवर मोबाईल, दारू हेही आहे; दारूचं उत्तर नाव न लिहिता बंद पाकिटात घ्यावं लागेल.

'मुरगळणं' आणि 'लचकणं' यांना इथल्या बोलीतल्या कन्नडमध्ये नेमकं काय म्हणतात? जाणकारांनी कृपया सांगा.